नादीच्या नादी लागून २,४९,३५० रुपये घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली कुणी विचारायला नको. दोन लाख एकोणपन्नास हजार तीनशे पन्नास. मी एकतीस वर्षं ऑडिटमध्ये काढलीत, लोकांच्या टीए बिलात (प्रवासभत्त्याच्या) रिक्षाभाड्याचा चार रुपयांचा फरक काढून अख्खा कागद परत पाठवलाय, आणि रिटायर झाल्यावर पॅसिफिक महासागरातल्या तुवालू देशाची विमानाची तिकिटं स्वस्तात काढून देतो म्हणणाऱ्या एका व्हॉट्सअॅपवरच्या पोराने मला काका काका म्हणत असा धुतला की अजून नातेवाइकांना खरं सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलंय हिचा गुडघा दुखायला लागला म्हणून ट्रिप पुढे ढकलली. ही त्याच्यावरूनही चिडलेली आहे, गुडघा तिचा ठणठणीत आहे.

तुवालूच का, हा प्रश्न पोलिसांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला. मी पोस्टाची तिकिटं जमवतो. कॉलेजात असताना लक्ष्मी रोडवर पाच रुपयांना मिश्र तिकिटांचं पाकीट घेतलं होतं, त्यात तुवालूचं वाफेच्या इंजिनाचं तिकीट निघालं. ज्या देशात एक फूट रूळ नाही तो देश रेल्वेची तिकिटं छापून जगभर विकतो, हे मला तेव्हापासून भारी वाटत आलंय. नऊ बेटं, अकरा हजारांच्या आसपास माणसं, १९७८ ला स्वतंत्र. त्यांच्या राजधानीतल्या, म्हणजे फुनाफुटीतल्या, फिलाटेलिक ब्युरोत (संग्राहकांना तिकिटं विकणारं पोस्टाचं ऑफिस) उभं राहून स्वतःच्या हाताने तिकिटं घ्यायची एवढीच इच्छा. कुणाला केदारनाथ, मला हे.

आता तिथं जायचं म्हणजे काय ते ज्यांनी शोधलंय त्यांना माहितीये. मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरहून फिजीचं नादी (लिहितात नादी, बोलतात नांदी), तिथून सुवा, आणि फिजीहून फिजी एअरवेजचं एटीआर नावाचं छोटं पंख्याचं विमान फुनाफुटीला, तेही आठवड्यातून मोजक्याच दिवशी. स्पर्धाच नाही, त्यामुळे शेवटच्या त्या टप्प्याचा भाव अंगावर येतो. जून २०२५ मध्ये मी स्वतः साइटवर बघितलं तेव्हा मुंबई ते नादी येऊन-जाऊन माणशी १,०८,००० आणि फिजी-फुनाफुटी येऊन-जाऊन माणशी ६२,००० दिसत होतं. दोघांचे ३,४०,०००. मुलगा बेंगळुरूला असतो, म्हणाला बाबा मी बघतो, थांबा. पण नाही, मला दाखवायचं होतं की म्हाताऱ्यालाही जमतं.

एका स्वस्त प्रवासाच्या ग्रुपवर हा भेटला. त्याचं नाव लिहीत नाही कारण ते खोटंच असणार. मराठी अगदी आपल्याकडचं, प्रोफाइलला गणपतीचा फोटो. म्हणाला काका, माणशी १,१२,००० मध्ये फुनाफुटीपर्यंत सगळं करून देतो, दोघांचे २,२४,०००. मी म्हटलं कसं काय, तर म्हणे 'आयलंड कोटा' असतो, ग्रुपच्या सीट्स उरतात त्या आम्हाला मिळतात. असला कोटाबिटा काही नसतो. पण आपण रेल्वेच्या कोट्यावर वाढलेली माणसं, कोटा म्हटलं की आपल्याला ते खरंच वाटतं. आणि मुख्य म्हणजे तो म्हणाला, 'काका, एवढी माहिती असलेला कस्टमर मला आजपर्यंत भेटला नाही.' तिथेच मी गेलो. उरलेला सगळा तपशील आहे.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. टोकन २५,००० यूपीआयने. मग आजच्या आज भरा नाहीतर भाव वाढेल, १,४०,००० एनईएफटी. मग उरलेले ५९,०००. मग सिंगापूरचा ट्रान्झिट व्हिसा ८,४००. मग इन्शुरन्स ९,६००. झाले २,४२,०००. यातलं व्हिसाचं तर मला आता जास्त झोंबतं, कारण एकाच तिकिटावर बॅगा थेट पुढे जाणार असतील आणि तुम्ही सिंगापूर एअरपोर्टच्या आतच बसून राहणार असाल तर भारतीय पासपोर्टला तो व्हिसा लागतच नाही. तुटक तुटक तिकिटं काढली, बॅग बाहेर घेऊन परत चेक-इन करायची असेल, तर लागतो. सिडनीवरून गेलात तर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो पण त्याला फी नाही. फिजीला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, तुवालूचा तिथं उतरल्यावर देतात. म्हणजे या रूटवर कुणी व्हिसाच्या नावाने पैसे मागितले तर आधी विचारा, कुठल्या देशाचा आणि कशासाठी.

पैसे सगळे एका बाईच्या नावावरच्या सेव्हिंग खात्यात गेले, खातं तिसऱ्याच राज्यातलं. विचारलं तर म्हणाला, 'आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत काका, करंट अकाउंटला जीएसटीचा प्रॉब्लेम चालू आहे.' क्रेडिट कार्डाने देतो म्हटलं तर अडीच टक्के जास्त लागतील म्हणाला. २,२४,००० चे अडीच टक्के ५,६००. ते वाचवले मी. कार्डाने दिले असते तर बँकेकडे निदान वाद घालायला जागा राहिली असती. ५,६०० वाचवले!

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही ती याच्यामुळे.

पीडीएफ आली. लोगो, नावं, पासपोर्ट नंबर, सगळं झकास. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकला, मुंबई-सिंगापूर-नादी आमच्या दोघांच्या नावाने कन्फर्म्ड दिसलं. हिला बोलावून दाखवलं. फुनाफुटीचा टप्पा दिसत नव्हता, तर म्हणे तो वेगळ्या पीएनआरवर आहे, ऑनलाइन येत नाही. ठीक. मग मी सवयीने एकेक ओळ पेनाने टिक करत खाली आलो. सुवा ते फुनाफुटी, तारीख २९ सप्टेंबर, आणि विमानाच्या रकान्यात लिहिलेलं: एअरबस ए३३०.

ए३३०! अडीच-तीनशे माणसांचं विमान! अहो, मी त्या धावपट्टीचे व्हिडिओ किती वर्षं बघतोय. १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाने युद्धासाठी बांधलेली, साधारण दीड किलोमीटरची पट्टी, बेट इतकं चिंचोळं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला लगून (बेटांनी वेढलेलं आतलं पाणी), संध्याकाळी पोरं त्याच पट्टीवर फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात, विमान यायच्या आधी सायरन वाजतो मग माणसं-कुत्री बाजूला होतात. तिथे एटीआर उतरतं. ए३३० तिथे उतरवायचं म्हणजे आपल्या बोळात एसटी वळवण्यासारखं आहे. आणि हे मला माहीत होतं! माझं पेन तिथे थांबलं होतं, त्या ओळीपुढे मी टिकच्या ऐवजी प्रश्नचिन्ह काढलंय, तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे.

मी त्याला फोन केला, अरे इथे तर एटीआर जातं ना? एक सेकंद गप्प बसला. आणि मग म्हणाला, 'काका, तुम्हीच नाही का सांगितलंत १ ऑक्टोबरला त्यांचा स्वातंत्र्यदिन असतो? गर्दीला मोठं विमान लावतात.' स्वातंत्र्यदिनाची माहिती त्याला मीच दिली होती, एक दिवस आधी, हौसेने, न विचारता. माझीच माहिती मला परत विकली आणि मी घेतली. प्रश्नचिन्हावर मी टिक केली. एकतीस वर्षांत अशी टिक केली नव्हती.

दुसरी चूक, पीएनआर म्हणजे तिकीट नाही. कितीतरी जणांना अजून वाटतं सहा अक्षरं साइटवर दिसली की झालं. ते नुसतं बुकिंग धरून ठेवलेलं असतं, पैसे भरून तिकीट काढलं नाही तर मुदत संपली की सिस्टीम आपोआप उडवते. खरं तिकीट म्हणजे तेरा आकडी नंबर, पहिले तीन आकडे त्या एअरलाइनचे. माझ्या पीडीएफवर तिकीट नंबरच्या जागी पीएनआरच परत छापलेला होता. आणि मी जूनमध्ये बघितल्यानंतर परत एकदाही साइट उघडली नाही. महिन्यातून एकदा उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि थेट एअरलाइनला फोन करून तिकीट नंबर वाचून दाखवायला लावा.

२६ सप्टेंबरला पुण्याहून कॅब, ४,२०० रुपये. गेटवरच्या जवानाने पीडीएफवरचं नाव आणि पासपोर्ट बघून आत सोडलं, त्यामुळे छाती आणखी फुगली. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, टाइप केलं, परत टाइप केलं, शेजारच्या मुलीला बोलावलं. मग म्हणाली, 'सर, बुकिंग झालं होतं, पण तिकीट इश्यूच झालेलं नाही. जूनमध्येच कॅन्सल दाखवतंय.' मागे रांग. हिच्या हातात चिवड्याचा डबा होता कारण बॅगेचं वजन दीड किलो जास्त होतं आणि तो आम्ही काउंटरच्या बाजूला उकिडवं बसून बाहेर काढला होता. ही काही बोलली नाही. डबा परत बॅगेत ठेवायला लागली, एवढंच. त्याचा फोन तेव्हा लागत होता, उचलत नव्हता. पहाटे चारला बंद झाला.

आणि आता साहेब लोक.

एअरपोर्टवरच्या पोलिसांनी सांगितलं, पैसे पुण्यातून गेलेत, पुण्यात द्या. पुण्यात आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणे घटना विमानतळावर उघडकीस आली, मुंबईला द्या. नवीन कायद्याप्रमाणे हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३, मी छापील कागद घेऊन गेलो होतो. तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. 'काका, हा व्यवहार आहे तुमच्या दोघांतला, ग्राहक मंचात जा.' व्यवहार! खोटं तिकीट बनवून अडीच लाख घेणं हा व्यवहार? फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता ३१८(४) झालंय, आकडा बदलला म्हणून गुन्हा बदलला का? तीन फेऱ्यांनंतर अर्ज घेतला, तोही कसा, लिहून घेणाऱ्याने विचारलं देश कुठला, मी म्हटलं तुवालू, त्याने लिहिलं 'टॉवेलू, फिजी'. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाला, 'आता पोच तयार झाली.'

बँकेत गेलो. मॅनेजरसाहेब म्हणाले पैसे तुम्ही स्वतः ओटीपी टाकून पाठवलेत, आमचा काही संबंध नाही. बरं, समोरचं खातं गोठवा. त्याला पोलिसांचं पत्र लागेल. पोलिसांकडे गेलो तर पत्र द्यायला बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट लागेल. स्टेटमेंटला गेलो तर शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. मी पण सरकारी नोकरी केलीय, लोकांना हेलपाटे घालायला लावलेत, खोटं कशाला बोलू, पण पैसे चोरीला गेलेल्या माणसाला सोमवारी या असं मी कधी सांगितलं नसतं. निदान आता तरी तसं वाटतं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण पैसे जाऊन तीन महिने झालेले, तोपर्यंत त्या खात्यात काय राहतंय. १९३० चा उपयोग पैसे गेल्या गेल्या आहे, तासाभरात. माझ्यासारखं तीन महिने चिवडा तळत बसलात तर नाही.

नंतर मुलाने (हो, शेवटी त्यालाच सांगावं लागलं) पीडीएफवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, फुकट बघता येतो, नोंदणी केव्हाच रद्द झालेली. वीस सेकंद लागले त्याला. मी बिल मागितलंच नव्हतं. परदेशाचं टूर पॅकेज म्हणून विकणारा टीसीएस (गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर) कापतो आणि पॅन मागतो, याने पॅन विचारला नाही तेव्हा मला उलट बरं वाटलं होतं.

ऑस्ट्रेलियन डॉलरचं राहिलं. तुवालूत तेच चालतात, आणि देशातलं पहिलं एटीएम बसलंच मुळी एप्रिल २०२५ मध्ये, म्हणून मी रोख ९०० डॉलर घेतले ५८.५० ने आणि परत विकले ५५ ने. ३,१५० तिथे. म्हणजे २,४२,००० अधिक ४,२०० अधिक ३,१५०, बेरीज तपासून घ्या. फुनाफुटीच्या लॉजवालीला मेल केला तर तिने आगाऊ काहीच घेतलं नव्हतं, जेव्हा याल तेव्हा या म्हणाली. जगात ज्या बाईला मी बघितलं नाही तिने एक पैसा न घेता खोली धरून ठेवली होती आणि आपल्या गणपतीच्या फोटोवाल्याने हे केलं.

जायचंच असेल तर शेवटचा टप्पा आधी थेट एअरलाइनकडून घ्या, कारण उड्डाणं कमी, मग त्याच्याभोवती सिंगापूरचं बसवा, आणि मध्ये फिजीत एक-दोन दिवस मोकळे ठेवा. महाग पडतं. स्वस्त तुवालू नसतं.

परवा पोलीस स्टेशनमधून फोन आला. मला वाटलं काहीतरी हाललं. म्हणाले, 'काका, तुमच्या अर्जाला एक कागद कमी आहे. मूळ तिकीट घेऊन या.'

मी विचारलं कुठलं तिकीट.

'अहो तेच, टॉवेलूचं.'