१२० मिमीची फुल सस्पेन्शन माउंटन बाइक फ्रेम, बरेच महिने चालवून झाल्यावर

शॉर्ट ट्रॅव्हल फ्रेम (ट्रॅव्हल म्हणजे धक्क्याला चाक किती मिमी वर सरकतं ते) घ्यायची म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात, १०० ची घेऊ, १२० ची घेऊ का सरळ १३० ची, आणि माझं म्हणणं असं की हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. मी अ‍ॅल्युमिनियमची १२० मिमीची फ्रेम शॉकसकट (मागचा धक्का झेलणारा भाग) घेतली, बाकीचे पार्ट काही हार्डटेलवरचे (जिला मागे सस्पेन्शन नसतं) आणि काही नवीन असे लावून सायकल उभी केली, चिखलाचे महिने आणि त्यानंतरचे धुळीचे महिने दोन्ही तिच्यावर काढले. आता एवढं नक्की सांगू शकतो की ट्रॅव्हलचे शेवटचे तीस-चाळीस मिमी कसे वागतात, मागचा त्रिकोण (चाक धरणारा फ्रेमचा मागचा भाग) किती ताठ आहे आणि बेअरिंग बदलायला किती त्रास होतो, या तीन गोष्टींवर फ्रेम मनात भरते किंवा उतरते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मग सगळं बोलणं नावावरच अडकतं.

आकडे आधी देतो. रीच (पेडलच्या धुरीपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ४७५ मिमी, स्टॅक (तेच उभं अंतर) ६२० मिमी, १३० च्या फोर्कबरोबर (पुढचं सस्पेन्शन) हेड अँगल (पुढच्या नळीचा कोन) ६६ डिग्री, सीट अँगल ७६ डिग्री, चेनस्टे (पेडलच्या धुरीपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) ४३७ मिमी, शॉक १९० बाय ४५ मिमी, लिंकेज (मागचं चाक आणि शॉक जोडणाऱ्या दांड्यांची रचना) चार बारचं, हॉर्स्ट लिंक प्रकारचं. मागचा अ‍ॅक्सल १४८ मिमीचा, बूस्ट मापाचा, बीबी (पेडलच्या धुरीचं बेअरिंग) आट्यांचा ७३ मिमी, हँगर (मागचा डिरेलर लावायचा तुकडा) यूडीएच मापाचा, सीटपोस्ट ३१.६. सगळे आकडे असे आहेत की पार्ट कुठेही मिळतो, आणि फ्रेम निवडताना मी याला खूप मार्क दिले होते. प्रेसफिट (दाबून बसवलेला) बीबी वाईटच असतो असं नाही पण चिखलात कुरकुरायला लागला की हातोडी आणि पुलर काढावा लागतो, आट्यांचा बीबी पान्याने दहा मिनिटांत बाहेर येतो.

आता मुख्य मुद्दा, लिव्हरेज रेशो. चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक (तो किती दबतो ते), म्हणजे १२० भागिले ४५, सरासरी २.६७. पण सरासरीने काहीच कळत नाही, चाक आत जाताना हा रेशो कसा बदलतो त्याचा ग्राफ बघावा लागतो. माझ्या फ्रेमचा साधारण २.९ ला सुरू होतो आणि २.४ ला संपतो, म्हणजे प्रोग्रेशन (ही घट) सतराएक टक्के. याचा अर्थ सुरुवातीला चाक सहज दबतं, लहान दगड-मुळं गिळतं, आणि जसजसं आत जाईल तसतसं त्याच शॉकला दाबायला जास्त जोर लागतो. दीडशे मिमीच्या सायकलला ३० टक्के सॅग (नुसतं बसल्यावर जेवढा ट्रॅव्हल दबतो तो) दिला तरी खाली १०५ मिमी शिल्लक असतात, १२० ला २७ टक्के दिला की उरतात ८८च्या आसपास. तेवढ्यातच सगळं भागवायचं, म्हणून ते ८८ मिमी सपाट ग्राफचे असतील तर प्रत्येक ड्रॉपला शॉक तळाला आपटणार आणि तुम्ही हवा वाढवत जाणार, हवा वाढली की सुरुवातीचा मऊपणा गेला, आणि मग फुल सस्पेन्शनचं वजन वाहून हार्डटेलसारखी राइड मिळते. एअर शॉकमध्ये व्हॉल्यूम स्पेसर (आतली हवेची जागा कमी करणारा तुकडा) घालून थोडं सावरता येतं हे खरं, पण स्पेसर फक्त शेवटचा भाग कडक करतो, मधला सपाटपणा तसाच राहतो. माझ्या शॉकमध्ये एकच लहान स्पेसर आहे आणि गुडघाभर उंचीच्या ड्रॉपला ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी कडी) टोकाच्या अलीकडे थोडी जागा सोडून थांबते, मला हवं तेच.

सॅगबद्दल एक गोष्ट, ही लांब ट्रॅव्हलवाल्यांना फारशी जाणवत नाही. स्ट्रोक ४५ चा असला की शॉकवरचा १ मिमी म्हणजे सॅगमध्ये २ टक्क्यांहून जास्त फरक, आणि चाकाकडे अडीच-पावणेतीन मिमी. मी १२ मिमीवर चालवतो. १४ वर नेलं की चढावर पेडल दगडांना लागायला लागतात, १० वर आणलं की मागचं चाक मुळांवरून टणटण उडतं. त्यामुळे हेल्मेट, पाण्याची बॅग, हत्यारं सगळं अंगावर चढवून, भिंतीला कोपर टेकून, ओ-रिंग वर सरकवून हळूच बसायचं, न उचकता उतरायचं आणि पट्टीने मोजायचं. डिजिटल पंप असेल तर उत्तम, कारण इथे हवेच्या दाबातल्या पाच पीएसआयनेही सायकलचा स्वभाव बदलतो.

चढावर काय? इथे मला ही फ्रेम मनापासून आवडली. पेडल मारताना सायकल मागे बसू नये म्हणून डिझायनर चेनच्या ओढीचा उपयोग करतात, त्याला अँटी स्क्वॉट म्हणतात, आणि सॅगच्या जागी तो शंभर टक्क्यांच्या आसपास असला की बसून पेडलिंग करताना सायकल डोलत नाही. शॉक घट्ट करणारी लॉकआउट लिव्हर आहे पण ट्रेलवर तिच्याकडे हात जातच नाही, फक्त लांब डांबरी चढ असला की शॉक बंद करतो. मात्र हे गणित चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दातांवर बसवलेलं असतं, बहुतेक ३२ वर. मी मधे काही आठवडे तीव्र चढांसाठी ३० लावून बघितला तर अँटी स्क्वॉट वाढला, सायकल अजून तडफदार झाली खरी, पण दगडाळ चढावर मागचं चाक अडकल्यासारखं व्हायला लागलं आणि पायाला झटके जाणवायला लागले, मग परत ३२. तुम्ही ३४ किंवा ३६ लावणार असाल तर फ्रेम कोणत्या चेनरिंगवर काढलीय हे आधी विचारा, आणि चेनस्टेला तेवढी रिंग घासत नाही ना तेही.

सीट अँगलबद्दल लोक नुसता ७६, ७७ बघतात. तो इफेक्टिव्ह अँगल असतो, एका ठरावीक उंचीला मोजलेला. पाय लांब असतील आणि सॅडल वर काढावी लागत असेल तर खरा सीट ट्यूबचा कोन बघा, तो जास्त तिरका असेल तर जितकं वर जाल तितके मागे जाता आणि चढावर पुढचं चाक उचलायला लागतं. रीचचंही तसंच, स्टॅक सोडून नुसता रीच दोन फ्रेममध्ये ताडून बघण्यात अर्थ नाही. हँडलबारखाली १० मिमीचा स्पेसर टाकला की बार मागेही येतो, ६६ डिग्रीला साधारण ४ मिमी.

फोर्क १२० का १३०? मी १३० टाकला. १० मिमी वाढले की हेड अँगल अर्धा डिग्री पडतो, बीबी थोडा वर येतो, सीट अँगलही तितकाच मागे पडतो. माझ्या फ्रेमला दोन्ही चालतात असं कंपनीनेच लिहिलंय, पण सगळ्यांना चालत नाही, वॉरंटीच्या कागदात कमाल फोर्क लांबी दिलेली असते ती वाचा. उतारावर १३० च्या जाड स्टँशनच्या (फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या) फोर्कने इतका विश्वास येतो की मागे १२० च आहे हे विसरायला होतं, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण हेड अँगल आणि फोर्क तुम्हाला ज्या वेगात नेऊन सोडतात तिथे मागचा ट्रॅव्हल आधी संपतो. मोठ्या दगडांनी भरलेल्या पट्ट्यात लाइन निवडावीच लागते, सरळ घुसून निभावत नाही. मला ते आवडतं, पायाने आणि गुडघ्याने सायकल हलकी करत जायला मजा येते, साधा ट्रेलसुद्धा जिवंत वाटतो, लहानशा उंचवट्यावरून उडी निघते. ज्यांना थकलेल्या अंगाने आडवंतिडवं खाली यायचंय त्यांनी १४० बघावी, मी मनापासून सांगतोय.

टायरवर कंजूसपणा करू नका. कमी ट्रॅव्हलमध्ये पहिला धक्का टायरच घेतो, म्हणून मागे २.४ इंचाचा जाड केसिंगचा (टायरच्या कापडी थराचा) ट्यूबलेस लावलाय. हलका रेसिंग टायर लावल्यावर दोनशे-अडीचशे ग्रॅम वाचतात आणि फ्रेम एकदम बारकी वाटायला लागते. मागचा ब्रेक डिस्कही १६० मिमीवरून १८० केला, लांब उतारावर ब्रेक गरम होऊन लिव्हर आत जात होती ती थांबली.

आता लिंकेजच्या प्रकारांवर. हॉर्स्ट लिंकचं पेटंट बरीच वर्षं स्पेशलाइज्ड या कंपनीकडे होतं, ते संपल्यावर कितीतरी कंपन्यांनी तेच घेतलं. सांता क्रूझ कंपनीच्या टॉलबॉय सायकलवर व्हीपीपी नावाचं लिंकेज आहे, आयबिसच्या रिप्लीवर डीडब्ल्यू लिंक, दोन्हीत मागचा त्रिकोण अखंड आणि दोन आखूड लिंक. ट्रान्झिशनच्या स्परवर, २०२० साली आलेली, पुढे-मागे १२० आणि हेड अँगल ६६, तिथे मागच्या अ‍ॅक्सलजवळ पिव्हटच (बेअरिंगवर फिरणारा सांधा) नाही, स्टे (मागच्या त्रिकोणाची नळी) स्वतः वाकतो. याला फ्लेक्स स्टे म्हणतात. ऐकून भीती वाटते, पण ट्रॅव्हल कमी असल्यामुळे तिथला कोन अगदी थोडाच बदलतो, कार्बन तेवढं वाकणं सहन करेल असाच घडवलेला असतो, आणि बेअरिंग, बोल्ट, वजन तिन्ही वाचतात. वाकलेला स्टे स्वतःही स्प्रिंगसारखं काम करतो हे मात्र लक्षात असू द्या, शॉकचं ट्यूनिंग त्याला धरून असतं, म्हणून दुसरा कुठला शॉक उचलून लावला की तो तसाच वागेल असं नाही. मी चार बार घेतलं कारण ब्रेक दाबूनही मागचं चाक बऱ्यापैकी मोकळं चालतं आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये मला वाकणारा स्टे नको होता.

वजनाचं विचाराल तर माझी फ्रेम शॉकसकट साडेतीन किलोच्या जरा खाली भरली. याच वर्गातली कार्बन फ्रेम अडीच किलोच्या आसपास मिळते. एक किलो म्हणजे चढावर कळतो, नाही म्हणणार नाही, पण तो पैसा मी चाकं, टायर आणि फोर्कमध्ये घातला आणि परत निवडायची वेळ आली तरी तिथेच घालेन. ताठपणात मला कमी वाटलं नाही. कॅम्बरवर, म्हणजे आडव्या उतारावर, सायकल टेकडीच्या बाजूला दाबून वळवताना मागचं चाक पुढच्याच रेघेवर राहतं, शेपूट हलल्याचा भास नाही.

बेअरिंगवर जरा सविस्तर लिहितो कारण खरा खर्च आणि डोकेदुखी इथेच असते. चाकातलं बेअरिंग गोल फिरत राहतं त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरतं, पिव्हटचं बेअरिंग काही डिग्रीच पुढे-मागे होतं, गोळ्या एकाच जागेवर घासत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि चिखलाचं पाणी शिरलं की त्याच जागी खड्डे पडतात. वरून काहीच दिसत नाही. चिखलाचे महिने संपल्यावर मी शॉक काढला, मागचं चाक काढलं आणि मागचा त्रिकोण दोन बोटांनी वर-खाली केला. तो लोण्यासारखा हलायला हवा होता, इथे मधे एका ठिकाणी खाचेत अडकल्यासारखा थांबत होता. एकेक लिंक सोडवून बोट घालून फिरवलं तर मुख्य पिव्हट ठणठणीत आणि रॉकरचं (शॉकला ढकलणाऱ्या लिंकचं) डावीकडचं बेअरिंग करकरीत, आत पातळ तपकिरी पाणी. सील उचलून बघितलं तर कारखान्यातूनच ग्रीस नावाला घातलेलं. शॉक लावलेला असताना हे कधीच कळलं नसतं, फक्त सायकल जरा कोरडी वाटतेय एवढंच वाटलं असतं आणि मी हवा कमी-जास्त करत बसलो असतो.

दिलासा एवढाच की सगळी बेअरिंग स्टँडर्ड नंबरची आहेत, ६९०० आणि ६९०२, म्हणजे १० बाय २२ बाय ६ आणि १५ बाय २८ बाय ७. पिव्हटसाठी गोळ्यांनी पूर्ण भरलेली, मधली जाळी नसलेली मिळतात तीच घ्या, नवी असली तरी सील उचलून ग्रीस ठासून भरा, बोल्टला निळं थ्रेडलॉकर लावा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. फ्रेम घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बेअरिंगचे नंबर छापलेत का बघा, काही कंपन्या स्वतःच्या मापाची बेअरिंग घालतात आणि मग दर वेळी त्यांच्याच किटची वाट बघत बसावं लागतं. सांता क्रूझने खालच्या लिंकला ग्रीस गनसाठी पोर्ट दिलाय, ही सोय सगळ्यांनी द्यायला हवी असं मला फार वाटतं.

केबलचंही तेच. माझ्यात केबल हेड ट्यूबच्या बाजूने आत जाते आणि आत नळी आहे, एका टोकाने घातली की दुसऱ्या टोकाने निघते. हेडसेटमधून जाणाऱ्या केबलवाल्या फ्रेम दिसायला स्वच्छ दिसतात पण वरचं बेअरिंग बदलायला मागचा ब्रेक सोडून ब्लीड करावा (आतल्या तेलातली हवा काढावी) लागतो, चिखलात चालवणाऱ्याने हे दुखणं विकत घेऊ नये.

एक कुरकुर मात्र बरेच दिवस छळत होती, चढावर जोर दिला की टिक, टिक. सगळे पिव्हट उघडून झाले, शेवटी निघाला हँगर, फ्रेमला टेकतो तिथे कोरडा पडला होता. साफ करून पातळ ग्रीस लावल्यावर आवाज बंद. यूडीएचचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलात तर आणखी आवळाल. शॉकची एअर कॅन सर्व्हिस मी ५० तासांच्या आसपास स्वतः करतो, सील आणि थोडं तेल, तासाभराचं काम, डॅम्पर (आतला तेलाचा भाग) उघडायचा झाला तर माहीतगाराकडे.

घेण्याआधी दुकानात एक गोष्ट करून बघा. शॉकची हवा हळूहळू सोडा, सोडताना सायकल दाबत राहा, आणि मग मागचं चाक पूर्ण वर नेऊन धरा. टायर सीट ट्यूबला किंवा खाली केलेल्या सॅडलला लागतोय का, ब्रेकची नळी कुठे दुमडतेय का, रॉकर पाण्याच्या बाटलीला टेकतोय का, तुमच्या मापाच्या फ्रेममध्ये १८० किंवा २०० मिमीचा ड्रॉपर (खाली-वर होणारी सीटपोस्ट) पूर्ण आत जातो का, सगळं समोर दिसतं. हवा परत भरताना एकदम भरू नका, पन्नासेक पीएसआय भरून चार-पाच वेळा दाबा म्हणजे निगेटिव्ह चेंबरही (शॉकमधला उलट बाजूचा हवेचा कप्पा) भरतो, मग पुढचं भरा, नाहीतर शॉक खालीच चिकटून राहतो आणि दुकानदार तुमच्याकडे बघत राहतो.