किशोरवयीन मुलांची चारचौघांतली भीती मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

अख्ख्या वर्गाची चाचणी करायची आहे, की समोर बसलेल्या एकाच मुलीची अडचण समजून घ्यायची आहे, हे आधी ठरवा. प्रश्नावली त्यावरून ठरते.

वर्गासाठी मी ‘एसएएस-ए’ (किशोरवयीनांसाठीची सामाजिक चिंता श्रेणी) घेईन. ला ग्रेका आणि लोपेझ यांनी ती १९९८ मध्ये मांडली. मुलं ती स्वतःच भरतात. २२ विधानांपैकी ४ गुणांत धरत नाहीत. उरलेल्या १८ना प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज ५०च्या आसपास किंवा पुढे गेली की त्या मुलाशी निवांत बोलावं. बेरजेपेक्षा या प्रश्नावलीचे तीन भाग जास्त सांगून जातात: लोक नावं ठेवतील ही धास्ती, अनोळखी प्रसंगातली घालमेल आणि ओळखीच्यांतही न सुटणारा संकोच. नव्या ठिकाणी या वयात बहुतेक जण बुजतात. पण रोजच्या मैत्रिणीलाही ‘येतेस का?’ असं विचारायला जीभ रेटत नसेल, तर मला जास्त काळजी वाटते.

एकाच मुलासाठी मात्र सामाजिक चिंता मोजणाऱ्या लीबोविट्झ श्रेणीची मुलांसाठीची आवृत्ती, ‘एलएसएएस-सीए’. इथे तज्ज्ञ स्वतः विचारतो. फोनवर बोलणं, वर्गात प्रश्न विचारणं, इतरांसमोर खाणं असे २४ प्रसंग. प्रत्येकाला भीतीचे ० ते ३ आणि टाळण्याचे ० ते ३ गुण वेगवेगळे. वेळ लागतो, पण ही विभागणी फार मोलाची आहे. ज्या मुलाने हात वर करणंच सोडून दिलंय, तो ‘आता भीती नाही वाटत’ असं अगदी खरं सांगतो. नुसती भीती मोजली तर तो ठणठणीत ठरतो. टाळण्याचे ३ गुण दिसले की खरं चित्र कळतं.

‘स्पिन’ ही याच भीतीची तिसरी प्रश्नावली, १७ प्रश्नांची, झटपट होणारी. लाजेने लाल होणं, घाम, धडधड यांचीही ती विचारणा करते. पण ती मुळात प्रौढांसाठी आहे, त्यामुळे त्यांची १९ गुणांची सीमारेषा मुलांना जशीच्या तशी लावू नका.

चिंता नेमकी कशाची हेच कळत नसेल, तर वेगवेगळ्या चिंता तपासणारी ४१ प्रश्नांची ‘स्केअर्ड’ बरी. त्यातले ७ प्रश्न सामाजिक चिंतेचे. तिथे ८ किंवा जास्त गुण आले की पुढे तपासावं. तिची पालकांसाठीही प्रत आहे. दोघांचे आकडे बरेचदा जुळत नाहीत. म्हणून सरासरी काढू नका. पालकांना टाळाटाळ दिसते, पोटातला गोळा मुलालाच जाणवतो. निदान यांपैकी कोणत्याच आकड्यावर करू नये. त्यासाठी सविस्तर मुलाखत लागते, आणि त्रास साधारण ६ महिने टिकलाय का, फक्त मोठ्यांसमोर नव्हे तर बरोबरीच्या मुलांतही होतो का, हे तिथेच विचारावं लागतं.