मोटरवेचा दोन तासांचा क्लास, किंवा मधल्या लेनचा सातबारा माझ्या नावावर नाही हे ९० पाउंडात कसं कळलं

आधी झालं काय ते सांगते. इंग्लंडात ब्रिस्टलहून रेडिंगला परत येत होतो, एम४ वर (हा मोटरवे, म्हणजे इथला एक्सप्रेसवे), रविवार संध्याकाळ, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. मी आपली मधल्या लेनमध्ये, ताशी ६५ मैलांवर (इथे सगळं मैलांत), गाणी चालू, मस्त. मागून एक पांढरी व्हॅन आली, जवळ आली, लाइट मारले, मग तिसऱ्या लेनमध्ये गेली, मला पास केलं आणि माझ्या पुढून तिरकी होत होत थेट पहिल्या लेनमध्ये जाऊन बसली, आणि जाता जाता त्या माणसाने हाताने डावीकडची लेन दाखवली (हात म्हणजे हातच, बोट नाही, तेवढी सभ्यता होती). नवरा म्हणाला "काय प्रॉब्लेम आहे याचा, रस्ता रिकामा पडलाय की." मीही म्हटलं, हो ना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात किस्सा म्हणून सांगितला तर समोरचे तिघं गप्प. एकीने हळूच विचारलं, "पण तू मधल्या लेनमध्ये का होतीस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

म्हणून हा क्लास. इथली ड्रायव्हिंग टेस्ट मोटरवेवर जातच नाही, त्यामुळे लायसन्स खिशात असून मोटरवेचं शिक्षण शून्य असे आपल्यातले खूप जण आहेत. भारतातलं लायसन्स इथे वर्षभर चालतं, मग प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ लायसन्स), थिअरी, टेस्ट, हे सगळं मी केलं आणि पास होऊन सात महिने झालेत. २०१८ च्या जूनपासून शिकाऊ लोकांनाही मोटरवेवर नेता येतं, पण सोबत मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टर आणि डबल कंट्रोलची (इन्स्ट्रक्टरच्या पायाशीही ब्रेक असलेली) गाडी लागते. माझ्या इन्स्ट्रक्टरने तेव्हा नेलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. आता ज्या बाईंकडे गेले त्या एकट्याच शिकवतात, साठीच्या असतील, मांडीवर थर्मास, आवाज अजिबात चढत नाही. तासाला ४५ पाउंड, दोन तास सलग घ्यावेच लागतात.

रेडिंगजवळ थीलला, म्हणजे एम४ च्या जंक्शन १२ ला, चढलो आणि पश्चिमेकडे निघालो. तिथून पुढे तीन लेन आहेत म्हणून मुद्दाम. स्लिप रोडवरून (मोटरवेवर चढायचा जोडरस्ता) आत शिरले, स्पीड पकडला आणि अर्ध्या मिनिटात माझ्याही नकळत मधल्या लेनमध्ये. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाल्या, "आत्ता कोणाला ओव्हरटेक करतेयस?" मी पुढे बघितलं, लांबवर डावीकडे एक लॉरी होती, ठिपक्याएवढी. म्हटलं, तिला. बाई हसल्या, "आपण तिथे पोचेपर्यंत ती स्विंडनला उतरून चहा पीत असेल."

मग पुढचे दोन तास हाच एक खेळ. मधल्या लेनमध्ये असताना कधीही त्या विचारणार, कोणाला, आणि मी बोटाने गाडी दाखवायची. दाखवता आली नाही तर आरसा, इंडिकेटर, डावीकडे. बस. हायवे कोडचा (इथल्या वाहतूक नियमांचं पुस्तक) २६४ नंबरचा नियम इतकाच आहे, डाव्या लेनमध्ये चालवा, ओव्हरटेक करायचं असेल तर उजवीकडे या, झालं की परत जा. थिअरीच्या वेळी मी हे पाठ केलं होतं, उत्तरही बरोबर दिलं होतं, आणि रस्त्यावर पहिल्या मिनिटाला विसरले. कारण डोक्यात वेगळाच नियम बसलेला.

तो कुठून आला सांगू का, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून. आठ वर्षं चालवलीय मी तिथे. बाबांनी शिकवलं होतं की मधली लेन धर, दोन्हीकडे पळायला जागा राहते. आणि तिथे ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही! डावी लेन म्हणजे घाटात रांगणारे ट्रक, आणि मध्येच मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवून बंद पडलेला एखादा कंटेनर, तिथे ताशी १०० किलोमीटरने जाणारा माणूस डावीकडे कशाला मरायला जाईल. नियम तिथेही हाच आहे, जड गाड्या डावीकडे, उजवी लेन फक्त ओव्हरटेकला, बोर्डही आहेत, आता २०२४ पासून कॅमेरेही लागलेत. पण एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ताशी दोन किलोमीटरच्या फरकाने ओव्हरटेक करत अख्खा खंडाळा घाट उजव्या लेनमध्ये काढतो, हे बघत आपण मोठे झालो. डावी लेन म्हणजे गरिबांची, मधली आपली, उजवी माजलेल्यांची, असं काहीतरी मनात पक्कं होतं.

हे बाईंना सांगितलं तर त्यांना फार मजा वाटली. म्हणाल्या, इथे स्लो लेन, फास्ट लेन असं काही नसतंच. एक, दोन, तीन म्हणायचं. एक ही राहायची, दोन आणि तीन ओव्हरटेकच्या. ७० ची मर्यादा तिन्हींना सारखीच.

मधल्या लेनमध्ये ठाण मांडल्याने होतं काय हेही तेव्हा डोक्यात शिरलं. माझ्या मागून पहिल्या लेनने कोणी ७० ने आला आणि मी ६५ वर मध्ये असले, तर त्याने डावीकडून निघून जाऊ नये असा नियम आहे (२६८ नंबरचा, ट्रॅफिक तुंबून रांगा सरकत असतील तर गोष्ट वेगळी). मग त्या बिचाऱ्याने दोन लेन उजवीकडे जायचं, मला वळसा घालायचा आणि परत दोन लेन डावीकडे यायचं. माझी ती व्हॅन! मी त्याला माथेफिरू समजत होते आणि तो अक्षरशः पुस्तकातला नियम पाळत होता, लाइट मारले ते सोडून. शिवाय मोठ्या लॉऱ्यांना तीन लेनच्या मोटरवेवर उजव्या लेनमध्ये जायला बंदीच आहे, म्हणजे त्यांना ओव्हरटेकला मधली एवढीच लेन. तिथे कोणी ५० ने रमतगमत बसलं की तीन लेनचा रस्ता लॉरीवाल्यासाठी एका लेनचा झाला. हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि लाज वाटली.

मग अर्थातच मी दुसऱ्या टोकाला गेले. लॉरी आली की उजवीकडे, संपली की डावीकडे, पुढची आली की परत उजवीकडे, शिवणयंत्राच्या सुईसारखं. बाईंनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, हेही नको. पुढची लॉरी दिसतेय ना, डावीकडे जाऊन निवांत दहापर्यंत मोजता येणार असेल तर जा, नाहीतर रांग संपेपर्यंत मध्येच राहा, तेव्हा तू लेन अडवत नाहीयेस, ओव्हरटेक करतेयस. आणि परत येताना लॉरीचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसल्याशिवाय यायचं नाही. हे दोन्ही त्यांचे स्वतःचे ठोकताळे, पुस्तकातले नाहीत, पण ९० पाउंड त्यातच वसूल झाले म्हणा ना. जंक्शन १३ ला ए३४ या दुसऱ्या हायवेवरच्या लॉऱ्यांचा लोंढा आत येतो, तिथे त्यांनी मला आधीच मध्ये जायला लावलं, येणाऱ्यांना जागा द्यायला, आणि लोंढा मागे पडला की लगेच बाईंचा आवाज, "आता कोणाला?"

दंडाचं मी विचारलं कारण मला तेच कळतं. २०१३ च्या ऑगस्टपासून पोलिस जागेवरच १०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट देऊ शकतात, बेफिकीर ड्रायव्हिंग म्हणून. कोर्टात गेलं तर जास्त. २०१५ मध्ये एका व्हॅनवाल्याला एम६२ वर मधली लेन न सोडल्याबद्दल ५०० पाउंड दंड आणि ५ पॉइंट बसले होते, कोर्टाचा खर्च वगैरे धरून ९४० पाउंड. आणि नव्या लायसन्सवाल्यांनी हे नीट वाचा, पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, परत प्रोव्हिजनलपासून सुरुवात. म्हणजे मधल्या लेनमध्ये गाणी ऐकत बसण्यात अर्धं लायसन्स जातं.

आता तक्रारी. बाई बारा मिनिटं उशिरा आल्या आणि ती शेवटी भरून दिली नाहीत, मी भिडेखातर बोलले नाही. गाडीत ओल्या कुत्र्याचा वास, कुत्रा नव्हता. दुसरं म्हणजे १४ ला वळून परत आल्यावर १२ पासून पुढचा चार लेनचा स्मार्ट मोटरवे आम्ही घाईघाईत एकाच जंक्शनपुरता केला आणि मला खरी भीती तिथलीच आहे. तिथे हार्ड शोल्डरच (बंद पडलेल्या गाडीसाठीची कडेची पट्टी) नाही, म्हणजे कोणाची गाडी बंद पडली तर ती पहिल्या लेनमध्येच उभी, माझ्या बाबांचा दगड-फांदीवाला कंटेनर परत! नियम तिथेही डावीकडचाच. बाईंचं म्हणणं, लांबवर बघ, वरचे बोर्ड वाच, लाल फुली, म्हणजे लेन बंद, दिसली की ती लेन सोड. ठीक आहे, पण माझं समाधान झालेलं नाही, तिथे पहिल्या लेनमध्ये माझे खांदे अजून कानापर्यंत येतात. रात्री आणि पावसात नेलं असतं तर बरं झालं असतं, पण ते त्यांच्या सहा तासांच्या कोर्समध्ये, आणि तेवढे पैसे आत्ता नाहीत.

नवऱ्याला शेजारी बसवून परवा स्विंडनपर्यंत जाऊन आले. आता तोच विचारतो, कोणाला, आणि त्याचा मला भयंकर राग येतो.

पाचपैकी चार देईन. रविवार सकाळचा स्लॉट घेऊ नका, स्वस्त पडत नाही आणि रस्त्यावर लॉऱ्या इतक्या कमी की शिकणार काय. मंगळवार-बुधवार दुपार घ्या, आणि निघताना घड्याळ दाखवून वेळ ठरवून घ्या.