रंगवून आलेला एक, की रंगवायचे तीस?

बेळगावातल्या शहापूरच्या मित्राचा फोन हल्ली महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास येतो. "नवीन जाहीर झालेलं बघितलास काय? मग, घ्यायचं काय?" परदेशातल्या कंपन्यांनी कपाटात मांडायच्या नव्या छोट्या सैनिकांचे फोटो टाकले, की त्याला रात्रभर झोप लागत नाही. त्याने बाजूला ठेवलेले पैसे मात्र एकाच गोष्टीपुरते असतात. रंगवून तयार आलेला धातूचा एक शिपाई घ्यायचा, नाहीतर जवळपास तेवढ्याच पैशात राखाडी प्लास्टिकच्या सुट्या भागांची, तीसेक सैनिकांची अख्खी पेटी. मी या दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. फोनवर त्याला तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो ते इथे सलग लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा छंद असलेले आणखी चार जण तरी असतीलच.

मोजमापांत फार शिरत नाही. एवढंच ध्यानात असू द्या, की सहा फुटी माणूस १:३० ला, म्हणजे खऱ्याच्या तिसाव्या हिश्शाला, साधारण ६१ मिलिमीटर भरतो आणि १:३२ ला ५७. त्यामुळे घरी जुन्या ५४ मिलिमीटरच्या सैनिकांची रांग असेल, तर आजची १:३० ची फिगर, म्हणजे सैनिकाची छोटी मूर्ती, त्यांच्याशेजारी थोरल्या भावासारखी दिसते. काहींना ते चालतं, मला रांगेत खटकतं. १:७२ चं, इंचभर सैनिकांचं मऊ प्लास्टिक मी या तुलनेत धरलेलंच नाही. साबणाच्या पाण्याने कितीही धुतलं तरी संगिनीच्या टोकावरचा रंग वर्षभरात सुटतो, असा माझा अनुभव आहे.

आता धातूबद्दल. मन भरून बोलावं असंच ते आहे. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची रीत काढली. साच्यात शिशाचा रस ओतायचा, कडेला साल धरली की उरलेला रस बाहेर काढायचा. शिसं कमी लागलं, सैनिक स्वस्त झाला आणि जर्मनीच्या भरीव सैनिकांना तोड मिळाली. आजची रंगवलेली फिगर त्या वंशातलीच. हाँगकाँगच्या किंग अँड कंट्रीसारख्या कंपन्यांची १:३० ची कामं हातात घेतलीत, तर पहिल्यांदा जाणवतो तो भार. मग चेहरा. गालावरची उन्हाची तांबूस छटा, पट्ट्याच्या कडेची बारीक काळी रेघ, बुटांवरची धूळ. माझ्या हाताला हे काम या जन्मात जमेल असं मला वाटत नाही. पेटी उघडली, कपाटात ठेवला, झालं. ज्यांना संध्याकाळी तास-दोन तास सलग मिळत नाहीत त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

दुर्मिळ विषयही बहुधा धातूतच आधी येतात, त्याला कारण आहे. धातूची फिगर रबराच्या साच्यात ओतता येते, तो साचा तुलनेने स्वस्तात होतो आणि वापरून झिजतो. कडक प्लास्टिकला कोरीव धातूचा साचा लागतो, त्याला मोठा खर्च येतो. तो वसूल व्हायचा तर विषय खपणारा हवा, म्हणून तिथे नेपोलियनचे फ्रेंच आणि दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १९१५-१६ साली १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तशा पलटणीतला शिपाई बघायचा असेल तर आशा धातूकडूनच जास्त.

याच कारणाची दुसरी बाजू म्हणजे घाई. धातूची तुकडी मर्यादित निघते. थोड्या काळाने ती 'रिटायर' होते आणि मग दुसऱ्या हाताच्या बाजारात मागतील ती किंमत द्यावी लागते. त्यामुळे जाहीर झाल्याबरोबर, फक्त फोटो बघून ठरवावं लागतं. फोटोतला नमुना बहुतेक वेळा उत्तम रंगाऱ्याने सावकाश रंगवलेला असतो, आपल्या घरी येतो तो शेकड्यांतला एक. प्लास्टिकच्या पेटीला ही घाई नाही. साचा महाग असल्यामुळे कंपनी तीच पेटी वर्षानुवर्षं विकत राहते. पगार झाल्यावर घेतली काय, दिवाळीनंतर घेतली काय, ती तिथेच असते.

एवढ्यावर दोन्ही पारडी सारखीच राहिली असती. माझा निर्णय एका संगिनीने केला.

चार वर्षांपूर्वी मी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे त्याच इराकच्या, आघाडीवरचा एक रंगवलेला हिंदी शिपाई घेतला. दोष बनवणाऱ्यांचा नव्हता, म्हणून नाव घेत नाही. दिवाळीत आमच्या गल्लीत किल्ला होतो. माती, दगड, पोती, तटाखाली हळीव पेरलेलं, आणि गणपत गल्लीतून आणलेले मावळे. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, तुमचा तो शिपाई दरवाजावर उभा करूया की." शिवरायांच्या किल्ल्यावर महायुद्धातला शिपाई कसा, हा विचार मनात आला. पण मराठा पलटणीचा जवान आजही 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना करूनच चाल करतो. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून आमच्याच बेळगावात आहे, लहानपणापासून कॅम्पात ती कवायत बघत आलोय. मला त्यात वावगं वाटलं नाही. उभा केला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे बुरुजाची ओली माती खचली आणि शिपाई तोंडावर पडला. संगीन वाकली. मी बोटांनी सरळ करायला गेलो, तर दुसऱ्या दाबाला ती मुळातून तुटली. हा कथिलाचा मिश्रधातू एकदा वाकणं सोसतो, परत सरळ होणं सोसेलच असं नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चार वेळा जोडली, चारही वेळा कपाट पुसताना सुटली. शेवटी ओळखीच्या सोनारकाकांनी बंदुकीच्या नळीच्या टोकाला केसाएवढं भोक पाडून पितळी तार बसवली. जोड पक्का झाला. तो आजतागायत हललेला नाही.

खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. जोडाजवळचा रंग गेला होता, शिवाय पडताना बाहीवरची खाकी खरवडली होती. ती खाकी मला काही केल्या जुळेना. तयार फिगरवर मूळ रंग, त्यावर सावली, त्यावर उजळ कडा आणि शेवटी वार्निश असे थर असतात. कोणत्या थराला कुठला रंग वापरलाय हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मी सहा मिश्रणं केली. रात्री ट्यूबलाइटखाली बरोबर बसलेला रंग सकाळी खिडकीतल्या उन्हात हिरवट दिसायचा. तो पुसताना मूळ रंगही थोडा निघायचा, म्हणजे डाग आणखी वाढायचा. शेवटी अख्खी बाही नव्याने रंगवली, तर दुसरी बाही परक्याची वाटायला लागली. बदली फिगर मिळते का पाहिलं, ती केव्हाच रिटायर झालेली. मुलगी तीन दिवस त्या कपाटाकडे फिरकली नाही. तिची काही चूक नव्हती. मूल हात लावेल या भीतीने सैनिक कुलपात ठेवायचे, ही गोष्टच मला तेव्हापासून नकोशी झाली.

त्याच हिवाळ्यात मी २८ मिलिमीटरच्या प्लास्टिक सैनिकांची पहिली पेटी मागवली. तेव्हापासून मोडतोड पाच-सहा वेळा तरी झाली असेल. कडक प्लास्टिकचा गोंद दोन्ही कडा किंचित विरघळवून सांधा एकजीव करतो. रंगाची बाटली माझीच, कुठल्या तुकडीला कुठला रंग कितव्या थरात दिला ते वहीत लिहिलेलं. मोडलेलं दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत होतं आणि दिवसा उजेडीही कळत नाही. आता दिवाळीच्या किल्ल्यावर दरवर्षी दहा जण उभे असतात, मुलगी स्वतः लावते.

प्लास्टिकचे त्रासही सांगायला हवेत. एक शिपाई नीट रंगवायला मला तीन संध्याकाळी लागतात. म्हणजे एका पेटीला, सणवार आणि पाहुणे धरून, वर्ष सहज जातं. चाळिशी लागल्यावर २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर डोळे काढणं कठीण आहे. भिंगाचा दिवा घेतला तेव्हा कुठे जमायला लागलं, आणि तरीही मी पुष्कळदा डोळ्यांच्या जागी नुसती गडद सावली देतो. हातभर अंतरावरून तेवढं पुरतं. शिवाय आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा इतकी ओली असते, की मॅट वार्निशचा फवारा मारला तर सैनिकावर पांढरं धुकं बसतं. माझे आठ जण एका जुलैत असे गेले. पावसाळ्यात वार्निश ब्रशनेच लावा, किंवा थांबा.

पावसाचा फटका धातूलाही बसतो, जुन्याला जास्त. ब्रिटन्सने शिशाचे सैनिक काढणं १९६६ साली थांबवलं. तेव्हाचे किंवा त्याआधीचे कुणाकडून घेणार असाल, तर नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून आणि त्यातल्या गोंदातून आम्लाची वाफ निघते. दमट हवेत ती शिशाला खाते आणि वर पांढरी भुकटी धरते. काचेच्या फळ्यांचं, थोडी हवा खेळणारं कपाट बरं. आजच्या कथिलाच्या फिगरला ही भीती पुष्कळ कमी.

खर्चाचं थोडक्यात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. घोषणेतली किंमत बघून हिशेब मांडू नका, हातात येईपर्यंत तो आकडा बराच वाढतो. धातूला वजनामुळे टपालही जास्त पडतं.

मित्राचा एक मुद्दा मात्र मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. तो म्हणतो, "प्लास्टिकात आपली माणसं कुठं आहेत?" बरोबर आहे. माझ्या पाहण्यात तरी हिंदी सैन्य म्हटलं की शीख फेटा किंवा गुरखा हॅट हेच आधी समोर येतं. पागोटं बांधण्याची तऱ्हा पलटणीगणिक आणि जमातीगणिक वेगळी होती, ते बारकावे पेटीत क्वचितच असतात. पण सुट्या भागांचा एक फायदा इथेच होतो. डोकी वेगळी, हात वेगळे, हत्यारं वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आठव्या सैन्याच्या पेटीतलं धड, पोलादी शिरस्त्राणाचं डोकं आणि दुसऱ्या पेटीतली टॉमी गन (हातात धरायची छोटी मशिनगन) घेऊन मी नाईक यशवंत घाडगे केले. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन बंद केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमी गन नळीने धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हत्यार उलटं धरलेला हात कुठल्याच पेटीत नव्हता. मनगट कापून फिरवलं, सांधा पुटीने भरला, बोटं सुईने कोरली. सगळे मिळून अकरा दिवस गेले. हा शिपाई मला तयार विकत मिळाला असता, तर कदाचित जास्त सुबक मिळाला असता.

आमच्या शेजारी मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले सुभेदारकाका राहतात. त्यांनी तो हातात घेऊन खूप वेळ बघितला. मग म्हणाले, "दस्ता अजून वर उचल. मारणारा माणूस खांद्यातनं मारतो." मी त्याच संध्याकाळी हात कापून पुन्हा बसवला. रंग होतेच.

तेव्हा ज्याला दरवर्षी एक-दोनच सैनिक हवेत, काचेमागे ठेवायचे आहेत, घरात लहान मूल नाही, त्याने रंगवलेला धातूचा घ्यावा. त्याला पश्चात्ताप होऊ नये. दुर्मिळ पलटण जाहीर झाली आणि मन तिच्यावरच बसलं असेल, तरी घ्यावा. बाकीच्यांनी, शक्य असेल तर, आधी एक पेटी घेऊन पाच जण रंगवून बघावेत आणि मग ठरवावं, असं मला वाटतं. पहिले पाच वाईटच होतात. सहाव्यापासून हात बसतो.

मित्राने अजून नक्की केलेलं नाही, पण काल त्याने प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, कुठला घ्यायचा ते विचारलं. पेटी घेतलीच तर प्राइमर दसऱ्यानंतरच मारायचा असं ठरलंय. तोवर भाग कापून, कडा घासून, जोडून ठेवायला पावसाच्या संध्याकाळी आहेत. तो रविवारी माझ्याकडे येणार आहे, चिमटा आणि बारीक कानस घेऊन.