जुन्या आइस टूलचे सुटे भाग आणि लोहाओळीतले एक दुकान

काठमांडूच्या ठमेल भागात मोहिमांवरून परत आलेले सामान विकणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून मी दोन जुनी आइस टूल्स, म्हणजे बर्फाची भिंत चढताना हातात धरायच्या, पुढे दातेरी पाते असलेल्या छोट्या कुऱ्हाडी, घेतली, तेव्हा ती एका जोडीची नाहीत हे मला दिसत होते. तरीही घेतली, कारण नव्या जोडीच्या किमतीत माझा लेहचा अख्खा हिवाळा निघाला असता. एकाच्या डोक्यावर पात्याच्या मागे ॲड्झ, म्हणजे बर्फ खोदायचे रुंद टोक, आणि दांड्यावर शार्ले मोझेर या फ्रेंच कंपनीचे नाव होते. दुसरे हॅमरचे, म्हणजे मागे हातोडी असलेले, अमेरिकी बनावटीचे, आणि त्यावरचे मॉडेलचे नाव घासून गेले होते. हॅमरच्या दांड्यावर वर्तुळातले ‘टी’ हे चिन्ह मात्र स्पष्ट होते. हे चिन्ह असलेला दांडा ३.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने साडेतीनशे किलोच्या भाराला उतरलेला असतो, तर ‘बी’ चिन्हाच्या दांड्यासाठी ही मर्यादा २.५ किलोन्यूटन आहे. ॲड्झच्या टूलवर असे कोणतेच चिन्ह वाचता येत नसल्यामुळे ते मी फक्त वरून दोर लावलेल्या सरावाच्या चढाईसाठी ठेवले आहे.

नागपूरला आल्यावर दोन्ही टूल्स उघडली. शार्ले मोझेरच्या पात्याचा एक नट हरवलेला होता आणि बोल्ट गंजलेला होता. हॅमरच्या पात्याचा बोल्ट तिरका बसवून कोणीतरी त्याचे आटे खराब केले होते. दोन्हींचे रबरी ग्रिप फाटलेले होते, आणि हॅमरचे पाते इतक्या वेळा कानस मारून आखूड झाले होते की पहिल्या दातापर्यंत जेमतेम बोटभर अंतर उरले होते.

जुन्या टूलचा सुटा भाग सहज का मिळत नाही, याचे कारण बहुतेक वेळा कंपन्यांच्या इतिहासात असते. शार्ले मोझेर २००० साली पेत्झल या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेली. फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्यात १८६० पासून अवजारे घडवणारी सिमों ही कंपनी २००८ मध्ये डेकॅथ्लॉनने घेतली. अमेरिकेतील शुईनार्ड इक्विपमेंट १९८९ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिच्याच माणसांनी ती विकत घेऊन ब्लॅक डायमंड उभी केली. मालक बदलला की जुन्या मॉडेलची पाती हळूहळू बंद होतात. मालक तोच असला तरी पाते दांड्यावर बसवण्याची बैठक बदलते: पेत्झलने २०१० मध्ये क्वार्क आणि नोमिक ही टूल्स नव्याने आखली, आणि त्यामुळे त्याआधीच्या टूलवर नंतरचे पाते बसत नाही. याउलट ब्लॅक डायमंडच्या वायपर आणि कोब्रा या दोन्ही टूल्सना लेझर आणि टायटन ही पाती चालतात. जुने टूल घेणाऱ्याने दांडा पाहण्याआधी हे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण पाते झिजणारच असते आणि दांडा टिकणार असतो.

बोल्टांच्या शोधात मी इतवारीतल्या लोहाओळीत गेले आणि ज्या दुकानाविषयी हा अभिप्राय लिहीत आहे ते तिथे सापडले. नाव छापू नये असे दुकानाच्या मालकांनी सांगितले आहे, म्हणून ते लिहीत नाही. दुकान अरुंद आहे, तिन्ही भिंतींना छतापर्यंत पत्र्याचे खण आहेत, आणि काउंटरवर व्हर्निअर आणि आटे मोजण्याचे पिच गेज सदैव हाताशी असते. यातली पिच गेज ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्याआधी मी ज्या दोन दुकानांत गेले होते तिथे बोल्टची जाडी डोळ्यांनी पाहून ‘आठ एमएम’ असे सांगण्यात आले होते, आणि त्यांपैकी एका ठिकाणी तसा नट जोर लावून चढवूनही दाखवला होता.

या दुकानातल्या काकांनी आधी शार्ले मोझेरचा बोल्ट गेजवर धरला आणि तो मेट्रिक असल्याचे सांगून त्याच आट्याचा नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारा) काढून दिला. हॅमरचा बोल्ट त्यांनी दोनदा मोजला. मग म्हणाले, “ताई, हा एमएमचा नाहीच, अडीच सूत आहे. एमएमचा नट दोन फेरे जाईल आणि मग चुडी खाईल.” आपल्या बाजारात इंचाचे आठ सूत धरतात, म्हणजे अडीच सूत ही ५/१६ इंचाची जाडी झाली, साधारण ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या बोल्टशी तिचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण आट्यांमधले अंतर वेगळे असते: आठ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ मिलिमीटर आणि या बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटर.

इथवर बहुतेक जाणकार सांगतील. काकांनी पुढची जी गोष्ट सांगितली तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतले. अडीच सुताचे बोल्ट त्यांच्याकडे दोन प्रकारचे होते. एक जुन्या इंग्रजी यंत्रांचा, विटवर्थ आट्यांचा, आणि दुसरा अमेरिकी यूएनसी आट्यांचा. या मापात दोन्हींना इंचात १८ आटेच असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि चढताना काही खटकतही नाही. पण विटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो आणि यूएनसीचा ६० अंशांचा, म्हणून आटे एकमेकांना पूर्ण भिडत नाहीत आणि भार थोड्याच धातूवर येतो. कोणता कोणता आहे हे त्यांनी गेजची पाती उजेडासमोर धरून मला दाखवले. इंची मापाचे हाय टेन्साइल, म्हणजे जादा ताण सोसणारे, बोल्ट नागपुरात मिळतात, यामागेही कारण आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय इथे आहे, आणि खाणीतल्या आयात यंत्रांना असे बोल्ट लागतात, म्हणून काका ते ठेवतात. बर्फ कधी न पडणाऱ्या या शहरात माझ्या टूलचा बोल्ट कोळशाच्या खाणींमुळे मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

बोल्ट निवडताना आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पात्याच्या भोकातून जाणारा बोल्टचा भाग गुळगुळीत हवा, तिथे आटे आले तर भार आट्यांच्या खाचेवर येतो. त्यामुळे पूर्ण आट्यांचा बोल्ट न घेता अर्ध्या आट्यांचा, लांब बोल्ट घेतला आणि पुढचे जादा टोक हॅकसॉने कापले. ग्राइंडरने कापला असता तर धातू तापला असता. दुसरी गोष्ट दर्जाची. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा असतो. यातला पहिला भाग ताणबलाचा, म्हणजे ८.८ चा बोल्ट सुमारे ८०० मेगापास्कलचा. गंजत नाही म्हणून अनेक जण स्टेनलेस बसवतात, पण बाजारात सहज मिळणारा ए२-७० हा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचाच असतो. मी काळा हाय टेन्साइल घेतला, नटाखाली मध्यम पकडीचे निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावले, आणि प्रत्येक चढाईनंतर तो पुसून त्यावर ग्रीसचा हात फिरवते.

दोन्ही टूल्सचे बोल्ट, नट आणि वॉशर मिळून ३१० रुपये झाले. दुकानाच्या उणिवा सांगायच्या तर गल्लीत वाहन उभे करायला जागा नाही, सकाळी ठोक गिऱ्हाईक असताना सुट्या दोन बोल्टांसाठी बराच वेळ थांबावे लागते, आणि इंची बोल्टांच्या मोजक्याच लांब्या असतात. मोजलेला जुना भाग सोबत नेल्याशिवाय तिथे जाऊच नये. फोनवर माप सांगून ते काही देत नाहीत, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

पात्याची गोष्ट वेगळी झाली. काकांना मी विचारले की हॅमरचे पाते इथे कापून मिळेल का. त्यांनी पाते हातात घेतले, वाकवून पाहिले आणि स्पष्ट नाही म्हणाले. “आकार कोणीही काढून देईल. पाणी कोण देणार?” पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून, थंड करून त्याला कडकपणा आणि लवचिकपणा आणणे. मी त्यांचे ऐकले नाही. शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून हुबेहूब तसे पाते करून घेतले आणि त्यासाठी १,८०० रुपये दिले. दिसायला ते उत्तम होते. घरी बाकावरच्या व्हाइसमध्ये टोक धरून टूल बाजूला पिळले, जसे खडकाच्या फटीत पाते अडकवून पिळतात तसे, तर पाते वाकले आणि वाकलेलेच राहिले. तो पाटा सरळ करण्यासाठी वर्कशॉपमध्ये भट्टीत लाल करण्यात आला होता, आणि तिथेच त्याचे पाणी उतरले होते. नंतर पुन्हा पाणी दिले आहे असे मला सांगण्यात आले होते. ते दिले गेले नव्हते, किंवा नीट दिले गेले नव्हते. बर्फाच्या भिंतीवर हे कळले असते तर काय झाले असते, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. म्हणून या बाबतीत तडजोड नको: पाते मूळ कंपनीचेच, त्याच बैठकीचे हवे. कानस मारतानाही हातानेच मारावी, कारण ग्राइंडरच्या चाकाखाली टोक निळे झाले की तेवढ्या भागाचे पाणी गेलेले असते.

शेवटी हॅमरचे पाते एका ज्येष्ठ गिर्यारोहकांच्या पेटीत मिळाले. त्यांनी त्याच मॉडेलचे टूल कधीकाळी वापरले होते आणि एक न वापरलेले पाते तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवले होते. माझा अनुभव असा की जुन्या टूलचे पाते दुकानापेक्षा अशा पेट्यांत लवकर सापडते, आणि त्यासाठी फोटोपेक्षा कागदावर पेन्सिलीने काढलेला पात्याचा बाह्याकार, भोकांच्या केंद्रांमधल्या अंतरासह, जास्त उपयोगी पडतो.

ग्रिपचा प्रश्न सोपा होता. केबलच्या जोडांवर गुंडाळतात ती स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते; ती ताणून दोन थरांत गुंडाळली की हातमोज्यातही पकड चांगली बसते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा टूल्स गच्चीवरच्या खोलीत ठेवू नयेत. माझा पहिला थर तिथेच मऊ होऊन सरकला. जुन्या टूलसोबत आलेले, मनगटाला अडकवायच्या पट्ट्याचे लीश मी कापून टाकले. कापडी भागाला दहा वर्षांपलीकडे भरवशाचे मानत नाहीत, आणि हे तर त्याहून बरेच जुने होते.

जानेवारीत लेहजवळच्या गांगलेसला दोन्ही टूल्स आठवडाभर वापरली. रोज संध्याकाळी बोल्ट तपासला. तो एकदाही सैल झाला नाही. हॅमरसाठी दुसरे पाते अजून मिळालेले नाही. सध्याचे पाते कानशीखाली पहिल्या दातापर्यंत आले की ते टूल मी वापरणे थांबवणार आहे, आणि बोल्ट काकांना परत नेऊन दाखवणार आहे, कारण तो काढल्यावर कसा दिसतो हे त्यांनी मला आधीच विचारून ठेवले आहे.