क्लोव्हर लावावं की पिंटो?

पावसाळ्यात दर आठवड्याला ओलं गवत कापायचं आणि मशीन चोंदलं म्हणून कुरकुरत बसायचं, याचा कंटाळा आला की माणूस क्लोव्हरकडे वळतो, म्हणजे लॉनच्या गवताऐवजी लावायच्या बुटक्या, पसरणाऱ्या रोपाकडे. मीही वळलो होतो. आज गोव्यात फोंड्याच्या माझ्या अंगणात मात्र पिंटो पीनट आहे, भुईमुगाचं जमिनीवर पसरणारं भावंड.

क्लोव्हर सुरेख दिसतं, यात वाद नाही. नोव्हेंबरात बी टाकलं आणि जानेवारीत पायाखाली गार, लुसलुशीत हिरवळ. पानं इतकी मेथीसारखी की आईने विचारलं, "जुडीभर खुडू काय रे?" दोन्ही एकाच कुळातली, तेव्हा तिचंही चुकलं नाही. त्या तीन महिन्यांपुरतं बोलायचं तर पिंटो क्लोव्हरच्या जवळपासही येत नाही.

पण पांढरं क्लोव्हर मुळात थंड मुलखातलं. एप्रिलपासून पाणी घालूनही टक्कल पडत गेलं आणि मेअखेर अर्धं अंगण उघडं. तेही चालवून घेतलं असतं. जूनचा पहिला दणका आला आणि त्या उघड्या लाल मातीचे शिंतोडे सोप्याच्या पांढऱ्या भिंतीवर, गुडघ्याएवढे वर. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर डाग जाईना, नुसता फिका होऊन पसरला. चवथीच्या तोंडावर तेवढाच पट्टा पुन्हा रंगवला. पुढच्या वर्षी परत बी टाकलं (हौस!), परत शिंतोडे. तिथे माझं ठरलं.

पिंटो ब्राझीलचं, आपल्या काजूसारखंच. चिऱ्याची आम्लधर्मी जमीन त्याला मानवते. जूनमध्ये वीतभर फांद्या खोवायच्या. पहिला पावसाळा टायकिळा आणि लाजाळू उपटण्यात जातो, हे आधीच सांगतो. नंतर माडाच्या सावलीतही पसरतं, पिवळी फुलं येतात. मेमध्ये मलूल होतं, पण माती सोडत नाही. चार दलांचं क्लोव्हर सापडलं तर नशीब म्हणतात. पिंटोच्या प्रत्येक पानाला चारच दलं. युरिया दोघांनाही नको, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात. एखादी गाठ नखाने फोडून बघा, काम चालू असेल तर आत गुलाबी दिसेल.

मुलं रोज क्रिकेट खेळणार असतील तर दोन्ही नकोत, गवतच बरं. आणि घर चोर्ला घाटाच्या बाजूला, उंचावर असेल तर क्लोव्हर कदाचित माझ्याकडच्यापेक्षा जास्त टिकेल.

उरलेलं बी मी दर हिवाळ्यात एका कुंडीत टाकतो. आईची नजर अजून तिच्यावर आहे.