टेली-मानस १४४१६: फोन लावण्याआधी

मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. फोन लागला की आधी रेकॉर्डेड आवाज भाषा वगैरे निवडायला सांगतो. छाती धडधडत असताना हे नकोसं वाटतं. म्हणून आधी दोन मिनिटं श्वास सावरा: नाकाने चार मोजत आत, तोंडाने सहा मोजत सावकाश बाहेर. भराभर मोठे श्वास ओढू नका. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरायला उलट जास्तच होतं. सगळी मेख श्वास सोडण्यात आहे.

‘टेन्शन आलंय’ एवढंच सांगितलं तर निम्मा वेळ चौकशीतच जातो. झोप किती, जेवण कसं, त्रास कधीपासून, गोळ्या कुठल्या चालू, हे कागदावर लिहून बसा. गरज वाटल्यास समुपदेशक पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात.

दर आठवड्याला त्याच माणसाशी सलग थेरपी हवी असेल, तर मात्र ही सेवा त्यासाठी नाही; जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी गाठा. जीव द्यायचे विचार येत असतील तर कागदबिगद राहू द्या, थेट फोन लावा. कुणी स्वतःला इजा करून घेतलीच असेल तर आधी १०८.